बॉल पायथन नि कॉर्न स्नेकचे मॉर्फ: जोडी लावायच्या आधी कागदावर करायचं गणित

शिकागोजवळच्या टिनली पार्कला किंवा पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्गला रेप्टाइल एक्स्पोला गेलात तर टेबलांवर प्लास्टिकच्या छोट्या डब्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी. "१.० पेस्टल एन्ची ६६% हेट क्लाउन." नवीन माणूस साप बघतो, मुरलेला माणूस आधी चिठ्ठी वाचतो. कारण पैसे तुम्ही सापाच्या रंगाचे कमी नि त्या चिठ्ठीचे जास्त देता, आणि चिठ्ठीतलं निम्मं तर डोळ्यांना दिसतच नाही.

वाचायची कशी ते आधी सांगतो. १.० म्हणजे एक नर, ०.१ म्हणजे एक मादी, ०.०.१ असेल तर नर की मादी हे कोणी तपासलेलं नाही. पेस्टल आणि एन्ची हे दिसणारे जीन, ते पिल्लाच्या अंगावरच आहेत, आणि अशा जीनमुळे होणाऱ्या रंग-नक्षीच्या प्रकाराला मॉर्फ म्हणतात. हेट क्लाउन हा लपलेला जीन. आणि मागे ६६% लिहिलंय म्हणजे तो लपलेला जीन या पिल्लात आहे की नाही हे विकणाऱ्यालाही माहीत नाही, तो फक्त शक्यता सांगतोय. हे "६६%" लोकांना सगळ्यात महागात पडतं, त्यावर खाली जरा सविस्तर येतो.

भारतातून वाचत असाल तर आधी कायदा. धामण, नाग, अजगर, मांडूळ, आपल्याकडचा कुठलाही जंगली साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, यात "मी जीव लावून सांभाळतो" वगैरे चालत नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर सरकारदरबारी नोंदणी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. कागद नसलेला साप कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका. अमेरिकेतही सगळीकडे मोकळं रान नाहीये, हवाईमध्ये तर साप पाळायलाच बंदी आहे, आणि बाकी ठिकाणी राज्याचे नियम वेगळे, शहराचे वेगळे, शिवाय तुमच्या अपार्टमेंटच्या लीजमध्ये काय लिहिलंय ते वेगळंच.

आता साप. मी दोनच घेतो कारण या छंदातलं बहुतेक सगळं या दोघांवरच शिकता येतं. बॉल पायथन म्हणजे आपल्या अजगराचा पश्चिम आफ्रिकेतला बुटका भाऊबंद, घाना, टोगो, बेनिनकडून हजारोंनी आलेला, तीन ते पाच फुटांचा, घाबरला की डोकं आत घालून चेंडू होणारा. आणि कॉर्न स्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, धामणीच्या कुळातला, केशरी-लाल. गणित शिकायला कॉर्न बरा कारण एका वेळेला डझन-दीड डझन अंडी सहज देतो. बॉल पायथन सहाच्या आसपास. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

लपणारे जीन

प्रत्येक जीनच्या सापाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, आणि पिल्लाला देताना तो त्यातली एकच देतो, कुठली ते नशीब. एवढं पक्कं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. खरंच सांगतो, यापलीकडे नियम नाहीच, सगळं याचंच पोट-गणित आहे.

आल्बिनो घ्या. काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन, आणि तो बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. गावात पिठाच्या दोन गिरण्या आहेत समजा, एक बंद पडली तरी दुसरीवर गावाचं दळण निघतं आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला काही कळतही नाही. दोन्ही बंद पडल्या तरच घरात पीठ नाही. ज्या सापाची टायरोसिनेजची एकच प्रत बिघडलीय तो दिसायला अगदी नॉर्मल, त्याला म्हणतात हेट आल्बिनो. दोन्ही बिघडलेल्या असतील तो पिवळा-पांढरा, लाल डोळ्यांचा, म्हणजे व्हिज्युअल आल्बिनो. असा जीन म्हणजे रिसेसिव्ह. बॉल पायथनमध्ये आल्बिनो, पाइड, क्लाउन, लॅव्हेंडर आल्बिनो हे सगळे रिसेसिव्ह, आणि कॉर्नमध्ये तर बहुतेक जुने मॉर्फ रिसेसिव्हच.

कॉर्नचं हे फार आधी सुरू झालं. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एक आल्बिनो नर जंगलात सापडला आणि डॉ. बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६१ पर्यंत त्याच्या वंशातून आल्बिनो पिल्लं काढून दाखवली. बॉल पायथनची गाडी उशिरा सुटली, १९९२ मध्ये बॉब क्लार्कने पहिली आल्बिनो पिल्लं काढली, १९९७ मध्ये पीटर काहलने पाइड सिद्ध केला, आणि मग सगळा बाजारच पेटला. त्या काळात एकेक साप हजारो डॉलरला जायचा, आज तेच बेसिक मॉर्फ कोणीही घेऊ शकतं. म्हणून "यातून पैसे कमवू" हा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा, तुम्ही पिल्लं वाढवेपर्यंत भाव पडलेला असतो, उंदरांचा खर्चही सुटत नाही कित्येकदा.

बरं, रिसेसिव्हच्या कामाच्या जोड्या पाचच प्रकारच्या असतात. तोंडपाठ करा, म्हणजे फोन काढून कॅल्क्युलेटर उघडावा लागणार नाही:

व्हिज्युअल × व्हिज्युअल: सगळी व्हिज्युअल.
व्हिज्युअल × हेट: निम्मी व्हिज्युअल, निम्मी हेट.
व्हिज्युअल × नॉर्मल: दिसायला सगळी नॉर्मल, पण सगळी शंभर टक्के हेट.
हेट × हेट: पाव व्हिज्युअल, निम्मी हेट, पाव साधी नॉर्मल.
हेट × नॉर्मल: निम्मी हेट, निम्मी नॉर्मल, आणि कुठली कुठली ते बघून सांगता येत नाही.

हे "पाव" आणि "निम्मी" प्रत्येक अंड्यासाठी स्वतंत्र असतं हे मात्र लोकांच्या पचनी पडत नाही. "हेट × हेट लावलं, चार अंडी आली, म्हणजे एक आल्बिनो नक्की." अजिबात नाही. प्रत्येक अंडं आपापला फासा टाकतं, शेजारच्या अंड्यात काय पडलंय हे त्याला माहीत नसतं. बॉल पायथनच्या सहा अंड्यांमधून एकही आल्बिनो न निघण्याची शक्यता तीन चतुर्थांशचा सहावा घात, म्हणजे जवळजवळ १८ टक्के. पाच-सहा घरांत हेच प्रोजेक्ट चालू असेल तर त्यातल्या सरासरी एका घरी फक्त तपकिरी पिल्लं निघणार आणि तो माणूस विकणाऱ्याला शिव्या घालणार. याच जागी हेट नराऐवजी आल्बिनो नर असता तर सहाच्या सहा नॉर्मल निघण्याची शक्यता ६४ मध्ये १. म्हणून माझं मत कायम हेच, दोन हेट घेण्यापेक्षा एक व्हिज्युअल नर आणि एक हेट मादी घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण वर्षं वाचतील. आणि इथे वर्षंच महाग आहेत, मादी वयात यायलाच साधारण तीन वर्षं घेते.

६६ टक्के म्हणजे काय

हेट × हेटमधून आल्बिनो पिल्लं बाजूला काढली की राहतात ती दिसायला नॉर्मल. चारातला एक वाटा गेला, उरले तीन, त्यातले दोन हेट नि एक साधं. म्हणून त्या प्रत्येक नॉर्मल पिल्लावर लिहितात ६६% हेट, किंवा पॉसिबल हेट. हेट × नॉर्मलमधून आलेली असतील तर ५०% हेट. पिल्लू ६६ टक्के हेट नसतं हो, ते एकतर हेट असतं नाहीतर नसतं, टक्के आपल्या अज्ञानाचे.

आता ते अज्ञान कमी कसं करायचं. अशी ६६% हेट मादी मोठी करून आल्बिनो नराला लावली. एक जरी आल्बिनो पिल्लू निघालं तर विषय संपला, ती हेट सिद्ध झाली, प्रूव्हन. नाही निघालं तर? समजा चार अंडी आली नि चारही पिल्लं नॉर्मल. अशा तीन बहिणी डोळ्यांसमोर आणा, दोन हेट नि एक साधी. साधीला चारही नॉर्मलच होणार, खात्रीने. हेटला चारही नॉर्मल होण्याची शक्यता अर्ध्याचा चौथा घात, १६ मध्ये १, आणि अशा दोघी, म्हणजे १६ मध्ये २. तर एका साधीसमोर एक-अष्टमांश हेट उभी आहे, हिशोब केला की तुमची मादी हेट असण्याची शक्यता ६६ वरून ११ टक्क्यांवर आली. सात अंडी असती तर दीड टक्क्यावर आली असती. तिथे थांबायचं, पुढच्या वर्षी परत लावत बसायचं नाही. आणि ती चार पिल्लं? ती शंभर टक्के हेट आहेत, कारण बाप आल्बिनो, प्रत्येकाला एक प्रत त्याच्याकडून आलेलीच आहे. म्हणजे वीण काही फुकट गेली नाही.

आता यातल्या काही जीनसाठी सापाची कात लॅबला पाठवून टेस्ट करता येते अमेरिकेत. तीन वर्षं मादी वाढवून प्रूव्ह करण्यापेक्षा कातीचा तुकडा पाकिटात घालणं कधीही परवडलं. "शेपटीजवळ अशी रेघ आहे म्हणजे हेट पाइड" असं कोणी सांगितलं तर ऐका, मान डोलवा, पण त्यावर जास्तीचे पैसे देऊ नका. तसल्या खुणा कधी असतात, कधी नसतात, आणि हेट नसलेल्या सापावरही असतात.

एक गंमत, जिच्यात भलेभले फसतात. आल्बिनो × लॅव्हेंडर आल्बिनो लावलं तर काय निघेल? लोकांना वाटतं दोघंही आल्बिनोच ना, मग सगळी आल्बिनो. निघतात सगळी तपकिरी. कारण दोघांचा बिघाड वेगवेगळ्या जीनमध्ये आहे, आल्बिनोचा टायरोसिनेजमध्ये आणि लॅव्हेंडरचा ओसीए२ मध्ये, त्यामुळे पिल्लाला दोन्ही जीनची एकेक चांगली प्रत मिळते आणि रंग परत येतो. हा जीनचा पत्ता २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लावला, तोही साप पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या काती तपासून. आणि कॉर्नमधला आल्बिनो, ज्याला अमेल म्हणतात, तो पुन्हा ओसीए२ चाच. म्हणजे नावावर जाऊ नका, दोन मॉर्फ दिसायला सारखे म्हणजे आतून एकच असं काही नसतं.

एका प्रतीतच दिसणारे

पेस्टल, मोहावे, लेसर, एन्ची, सिनॅमन यांच्यात एकच प्रत असली तरी साप वेगळा दिसतो, दोन असल्या तर अजूनच वेगळा, त्याला सुपर म्हणतात. छंदातले लोक याला वर्षानुवर्षं "को-डॉम" म्हणत आले, पुस्तकी नाव इन्कम्प्लीट डॉमिनंट. तुम्ही को-डॉम म्हणालात तरी कोणी अडवणार नाही. गणित तेच, फक्त हेट आता डोळ्यांना दिसतो, त्यामुळे सगळं सोपं. पेस्टल × नॉर्मल, निम्मी पेस्टल. पेस्टल × पेस्टल, पाव सुपर पेस्टल, निम्मी पेस्टल, पाव नॉर्मल. सुपर पेस्टल × नॉर्मल, सगळी पेस्टल. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी, पहिल्याच वर्षी काहीतरी रंगीत निघतं आणि उत्साह टिकतो.

खरी मजा आहे ती एकाच जागेवर बसणाऱ्या जीनची. लेसर, बटर, मोहावे, फँटम, मिस्टिक, रूसो हे सगळे एकाच जीनचे वेगवेगळे अवतार. त्यातला कुठलाही एक नि दुसरा एकत्र आला की सुपरसारखा परिणाम होतो, आणि लेसर × मोहावेमधून पाव पिल्लं निघतात पूर्ण पांढरी, निळ्या डोळ्यांची, ब्लू आइड ल्युसिस्टिक. (लेसरचा लेसरशीच सुपर काढलात तर कधीकधी बटाट्यासारखे फुगलेले किंवा बारके डोळे निघतात, म्हणून लेसर × मोहावे बरं. सुपर मोहावेला डोक्यावर राखाडी छटा येते, काहींना तीच आवडते.) पण असा पांढरा साप घेतलात आणि वाटलं की याच्यापासून पांढरीच पिल्लं मिळतील, तर तसं नाही. त्याच्या दोन जागा भरल्यात, एकात लेसर, एकात मोहावे. नॉर्मल मादीला लावला तर निम्मी पिल्लं लेसर, निम्मी मोहावे. पांढरं एकही नाही. नॉर्मलही एकही नाही! आणि एकाच पिल्लाला त्याच्याकडून लेसर नि मोहावे दोन्ही मिळणं शक्यच नाही, देताना एकच प्रत देता येते, सुरुवातीला सांगितलं तेच.

दोन-तीन जीन एकत्र

इथे कॉर्न स्नेक घ्या. कॉर्नच्या अंगावर मुख्यतः लाल-केशरी आणि काळा असे रंग. अमेलमध्ये काळा जातो, उरतो लाल नि पांढरा. अॅनरीमध्ये लाल जातो, उरतो राखाडी-काळा. दोन्ही गेले की स्नो, गुलाबीसर पांढरा. अमेल × अॅनरी लावा, सगळी पिल्लं साधी केशरी, पण प्रत्येक डबल हेट, म्हणजे दोन्ही जीनची हेट. ती मोठी करून एकमेकांना लावली की १६ च्या हिशोबात ९ नॉर्मल, ३ अमेल, ३ अॅनरी, १ स्नो. मेंडेलच्या वाटाण्यांचं तेच गुणोत्तर, दहावी-बारावीच्या पुस्तकातलं, फक्त वाटाण्याच्या जागी साप.

१६ मध्ये १ ऐकून "कॉर्नला अंडी १६ येतात, म्हणजे एक स्नो" असं वाटतं. १६ अंड्यांत एकही स्नो नसण्याची शक्यता ३६ टक्के आहे. बॉल पायथनच्या सहा अंड्यांत तर ६८ टक्के. म्हणून बॉल पायथनमध्ये डबल हेट × डबल हेट लावणं म्हणजे लॉटरीच. त्यापेक्षा एका बाजूला तरी व्हिज्युअल ठेवा. स्नो नर × डबल हेट मादी केलं तर लगेच चारात एक स्नो, १६ वरून ४ वर आलो.

जास्त जीन असले तर प्रत्येक जीनचा वेगळा हिशोब करायचा नि शेवटी गुणायचं, बस. पेस्टल क्लाउन नर आणि पेस्टल हेट क्लाउन मादी आहे समजा. क्लाउन: अर्धी. पेस्टल: पाव सुपर, अर्धी पेस्टल, पाव काहीच नाही. आता सुपर पेस्टल क्लाउन किती, तर पाव गुणिले अर्धा, आठात एक. पेस्टल क्लाउन चारात एक. नुसता क्लाउन आठात एक. उरलेली निम्मी क्लाउन दिसत नाहीत पण सगळी शंभर टक्के हेट क्लाउन, कारण बाप क्लाउन. मॉर्फमार्केट या साप खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर फुकट कॅल्क्युलेटर आहे, जरूर वापरा, पण एकदा तरी हाताने करा, नाहीतर समोरच्याने चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं तरी तुम्हाला कळणार नाही. उदाहरणार्थ या विणीतल्या नॉर्मल दिसणाऱ्या पिल्लावर कोणी "६६% हेट क्लाउन" लिहिलं तर एकतर त्याला गणित येत नाही किंवा तो आईबापांबद्दल काहीतरी लपवतोय.

बनाना मात्र शिस्तीत बसत नाही. बनाना नर कधी जवळजवळ सगळ्या बनाना पोरी देतो, कधी जवळजवळ सगळे बनाना पोरगे, आणि लोक बरीच वर्षं डोकं खाजवत बसले. कारण हा जीन लिंग ठरवणाऱ्या क्रोमोझोमवर बसलाय. पूर्वी समज होता की सगळ्या सापांत पक्ष्यांसारखं, लिंग मादीच्या क्रोमोझोमवर ठरतं, पण २०१७ मध्ये बोआ आणि पायथनमध्ये माणसासारखं एक्स-वाय सापडलं (कॉर्नमध्ये मात्र पक्ष्यांसारखंच आहे). तर नराला बनाना आईकडून आला असेल तर तो त्याच्या एक्सवर आहे, एक्स जातो मुलींकडे, म्हणून बनाना पिल्लं बहुतेक माद्या, असा नर फीमेल मेकर. बापाकडून आला असेल तर वायवर, म्हणून बनाना पिल्लं बहुतेक नर, मेल मेकर. थोडे अपवाद निघतात दोन्हीकडे. बनाना मादी सरळ आहे, तिची बनाना पिल्लं नर-मादी सारखीच. म्हणून बनाना नर घेताना पहिला प्रश्न, "याला बनाना आईकडून का बापाकडून?" विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर समजा वही ठेवत नाही हा माणूस.

जे करू नये ते

स्पायडर. १९९९ पासूनचा मॉर्फ, दिसायला देखणा, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, आणि प्रत्येक स्पायडरला कमी-जास्त वॉबल. उंदीर समोर धरला की डोकं हळूहळू तिरकं होतं, मग उलटं, पोट वर, मग झडप घालतो ती उंदराच्या दोन इंच बाजूला. परत आवरतो, परत चुकतो. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी स्पायडरचे कान स्कॅन करून दाखवलं की तोल सांभाळणारा आतला कानच वेडावाकडा बनलेला असतो. म्हणजे चांगली लाइन (वंश), वाईट लाइन, उष्णता जास्त झाली, हे सगळं बोलणं फोल, रेघा आणि वॉबल एकाच जीनची देणगी आहे, एक ठेवून दुसरं काढता येत नाही. त्यात स्पायडर × स्पायडरमधून जिवंत सुपर कोणी दाखवलेला नाही. बंबल बी, किलर बी ही गोड नावं म्हणजे पेस्टल किंवा सुपर पेस्टल अधिक स्पायडर, वॉबल त्यातही आहेच. शॅम्पेन, हिडन जीन वोमा यांच्यातही हीच रड. सुपर सिनॅमनमध्ये वाकडे मणके नि बदकासारखं तोंड निघतं कधीकधी, डेझर्टच्या माद्यांना अंड्यांचा त्रास होतो. माझं स्पष्ट मत, इतके शेकडो निरोगी कॉम्बो असताना यांच्या वाटेला जायचं कारण नाही. कोणाला जुना स्पायडर दत्तक घ्यायचाय तर जरूर घ्या, प्रेमाने सांभाळा, वीण काढू नका.

बाप-लेक, भाऊ-बहीण लावणं या छंदात सर्रास चालतं, रिसेसिव्ह सिद्ध करायला एखाद वेळ टळतही नाही. पण पिढ्यान् पिढ्या तेच करत राहिलात तर लपलेले वाईट जीनही तसेच जोडीने बाहेर येतात, आल्बिनो ज्या नियमाने येतो त्याच नियमाने. दर पिढीला शक्य तर बाहेरचं रक्त आणा.

प्रत्यक्ष लावताना

मादी किमान दीड किलोची, नर पाचशे-सातशे ग्रॅमचा. वजनकाटा स्वयंपाकघरातला चालतो, फक्त तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा. हाडकुळ्या मादीला लावू नका, अंडी घालेपर्यंत ती बरेचदा खाणं सोडते आणि अंगावरचंच वापरते. नर-मादी तपासणी शिकलेल्या माणसाकडून किंवा व्हेटकडून करून घ्या, यूट्यूब बघून प्रोब (नर-मादी तपासायची बारीक सळई) घालायला जाऊ नका. अंडी ३१-३२ अंश सेल्सिअसला ५५ ते ६० दिवसांत फुटतात, कॉर्नची थोडी कमी तापमानाला.

वही मात्र पहिल्या दिवसापासून. कुठला नर, कुठल्या तारखेला, किती वेळ, लॉक (म्हणजे प्रत्यक्ष मीलन) दिसला का, मादीने कात कधी टाकली, अंडी कधी, किती फलित. आणि एका मोसमात एका मादीला एकच नर. दोन नर लावले की बाप कोण हा प्रश्न उरतो आणि सगळ्या हेटचं गणित कोसळतं. त्यात सापांच्या माद्या वीर्य महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं साठवून ठेवतात, म्हणजे मागच्या मोसमातल्या नराचीही पिल्लं यंदा निघू शकतात. मादी विकत घेताना म्हणूनच विचारायचं की हिला आधी कोणता नर लावला होता. एखादं पिल्लू हिशोबात बसूच शकत नाही असं निघालं, म्हणजे दोन्हीकडे पेस्टल नसताना पेस्टल, तर नवीन मॉर्फ सापडला म्हणून नाचायच्या आधी वही उघडा, नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं, बाकी बहुतेक वेळा आईबापांपैकी कोणाची तरी ओळखच चुकलेली असते.

पिल्लं अंड्यातून निघाली की पहिली कात टाकेपर्यंत नाव ठेवायची घाई नको. ओल्या पिल्लाचा रंग फसवतो, पेस्टल नि साधा नॉर्मल यातला फरक तेव्हा नीट कळत नाही, तीन-चार जीनचा कॉम्बो असेल तर अनुभवी माणसंही भांडतात. पहिल्या कातीनंतर दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून वरून, बाजूने आणि पोटाचा फोटो काढा, आईबापांच्या फोटोशेजारी ठेवा. एखाद्या पिल्लात एन्ची आहे की नाही याची खात्री नसेल तर चिठ्ठीवर "पॉसिबल एन्ची" लिहा नि किंमत नॉर्मलचीच लावा. आणि घेणाऱ्याला आईबापांची नावं, वजनं, जन्मतारीख नि शेवटचं कधी खाल्लं हे त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून द्या, तीन वर्षांनी तो मादी लावायला बसेल तेव्हा त्याला हेच लागणार आहे.